निंबाच्या जागी

धुरपदाबाई रडायला बसली की सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीतले टीव्ही आपोआप बंद व्हायचे. तिला कोणी बोलवायला लागत नसे. कुणाकडे माणूस गेलं की बायका त्या घरी दारावर बसायला निघायच्या आणि जाताना तिच्या ओट्यापाशी थांबायच्या. ही मजुरीने धागे कापायला आणलेली हातातली साडी गुंडाळून ठेवायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि चालता चालता चौकशी सुरू करायची. गेलेला सकाळी उठून आधी काय करायचा? खायला काय आवडायचं? शेवटचं कोणाशी बोलला? बायका सांगायच्या आणि ही नुसतं हं हं करत ऐकायची.

खानदेशातलं रडणं म्हणजे नुसते हुंदके नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं. बाई बाईच्या गळ्यात पडते, आणि चाल लावून, गेलेल्याचं नाव घेऊन, त्याचं एकेक सांगत रडते. या लोकांना सुरतेत येऊन तीस-चाळीस वर्षं झाली, पोरं आपसात गुजरातीत भांडायला लागली, तरी हे काही सुटलं नाही. बाकीच्या बायकांचं आपलं ठरलेलं असायचं, कसा रे सोडून गेलास, आता कोणाकडे बघू. धुरपदाबाईचं तसं नाही. ती त्या माणसाच्या टाचेच्या भेगा सांगायची. अर्धी विडी विझवून तो कानावर ठेवायचा, ते सांगायची. एका घरी तर सासूशी बारा वर्षं अबोला धरलेली सून हिच्यामुळे इतकी रडली, की तिला धरून पाणी पाजावं लागलं. लोक म्हणायचे, काय बाई आहे! हिला त्याचं काही नव्हतं. आपली जायची, रडायची आणि घरी येऊन भाकरी टाकायची.

आणि हीच बाई स्वतःचा नवरा गेला तेव्हा ओठ शिवल्यासारखी बसून राहिली.

शालिग्राम काही आजारी नव्हता. एकतीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, उभा राहिलेला माणूस. त्या सकाळी डबा भरून झाला होता, चप्पल घालायला उंबऱ्यावर बसला आणि तिथेच कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. घर माणसांनी भरलं. बायका एकेक करून तिच्या गळ्यात पडल्या आणि वाट बघत राहिल्या, की आता ही सुरू करेल. त्यांच्यात आधी बायको गळा काढते, मग बाकीच्या. हिने तोंड उघडलं नाही. दहाव्याला नाही, गंधमुक्तीला नाही. पारोळ्याहून आलेल्या नणंदेचा, सरलाबाईचा, पाठच्या भावासारखा जपलेला भाऊ गेला म्हणून ऊर भरून आला होता, पण तीसुद्धा नुसती हिच्या तोंडाकडे बघत बसली आणि तशीच परत गेली.

खरं सांगायचं तर धुरपदाबाईला दुःखच होत नव्हतं. दात काढताना सुई दिल्यावर गाल कसा होतो, तसं तिचं सगळं झालं होतं. जेवायची, झोपायची, साड्यांचे धागे कापायची. कुणी विचारलं, बरी आहेस का, तर बरी आहे म्हणायची, आणि ते खोटंही नव्हतं. गल्लीतल्या बायकांना मात्र चैन पडेना. हिच्या मनातच नव्हता तो, म्हणे. नाहीतर सगळ्या जगासाठी रडते आणि नवऱ्यासाठी नाही? अहो, नसेल येत एखादीला रडू! पण दुसरीच्या डोळ्यातलं पाणी किती, हे बघायची हौसच असते काही जणींना. धुरपदाबाईच्या कानावर सगळं यायचं. तेही तिला लागायचं नाही, आणि लागत नाही याचीच तिला अधूनमधून भीती वाटायची.

आठ महिने असे गेले आणि मग भूपेंद्र आला.

भूपेंद्र म्हणजे तिच्या दिराचा मुलगा. बत्तीस वर्षांचा, डोक्यावर केस विरळ झालेले, साडीच्या प्रिंटिंग मिलमध्ये कॉम्प्युटरवर डिझाईन काढणारा. पण जीव सगळा गाण्यात. डिंडोलीला राहत्या घराच्या मागच्या खोलीत त्याने स्टुडिओ केला होता. स्टुडिओ म्हणजे काय, भिंतींना लावलेल्या गोधड्या, त्यातल्या तीन धुरपदाबाईनेच शिवलेल्या, एक माइक, एक कॉम्प्युटर. फुंकर माइकवर बसू नये म्हणून भरतकामाच्या रिंगवर नेटच्या साडीचा तुकडा ताणून पुढे लावलेला. घराच्या पाठीमागे लूमचं खातं, त्यामुळे खात्याला रजा असेल त्याच दिवशी रेकॉर्डिंग व्हायचं. अहिराणी गाणी, अहिराणी विनोदी फिल्मा, सगळं तिथून निघायचं आणि मोबाइलवरून धुळ्या-नंदुरबारपर्यंत पोचायचं.

"मोठीमाय," तो म्हणाला, "आमच्या फिल्ममध्ये एक माणूस मरतो. त्याच्यावर रडायला पाहिजे. तुझ्यासारखं कोणाला जमत नाही."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. आता ही आपल्याला हाकलून देणार, असं धरून तो उभा राहिला. ती म्हणाली, "कधी यायचं?"

रजेच्या दिवशी सकाळी ती डिंडोलीला गेली. भूपेंद्रने तिला गोधड्यांच्या कोपऱ्यात स्टुलावर बसवलं. दोघांचं बोलणं सगळं अहिराणीत, इथे आपलं सरळ मराठीत सांगितलंय इतकंच.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही गं, मोठीमाय. गोष्टीतला माणूस. निंबा नाव त्याचं."

"काय खायचा?"

"खायचा... सगळंच खायचा."

"सगळं खाणाऱ्यावर कोणी रडतं का रे?"

भूपेंद्र हसला, पण ती हसली नाही. मग त्याने सुचेल तसं सांगितलं. निंबाला तीन मुलं, निंबाला शेवभाजी आवडायची, निंबा खात्यात कामाला. तिने नेहमीसारखं हं हं करत ऐकून घेतलं.

आधीच वाजवून भरून ठेवलेली पेटी कानात ऐकायची आणि त्यावर रडायचं, असं होतं, पण हेडफोनचं काही केल्या जमेना. भूपेंद्रने तिच्या पदरावरूनच तो चढवला, दोन्ही कान झाकले, आणि तिचा स्वतःचा आवाज तिच्याच डोक्यात घुमायला लागला. ती दचकून थांबली. जन्मभर ती दुसरीच्या गळ्यात पडून रडलेली. अर्धा आवाज आपला, अर्धा तिचा, आणि तिचं अंग हलतं त्यावर आपलं हलायचं. इथे तर दुसरी बाईच नाही.

"एक कान काढ," भूपेंद्र म्हणाला. "एका कानाने पेटी ऐक, एका कानाने आपलं आपलं."

तिने एक कान मोकळा केला. पहिली ओळ जमली, पण भूपेंद्रने हात वर केला. मोकळ्या सोडलेल्या कानातून पेटीचा सूर बाहेर सांडत होता आणि माइक तोही उचलत होता. हे असं झालं तर नंतर काढता येत नाही, त्याने समजावून सांगितलं, काढलेला कान कानामागच्या हाडाला घट्ट दाबून धर. तिने एका हाताने तो दाबून धरला. दुसऱ्या हाताने शेजारची लोंबती गोधडी जवळ ओढली, तिच्यात तोंड खुपसायला गेली, तर भूपेंद्र म्हणाला, तोंड माइककडे. बरं, तोंड माइककडे. गोधडी नुसती मुठीत धरून ती सुरू झाली.

तीन मुलं झाली, शेवभाजी झाली. पेटी वाजतच होती आणि भूपेंद्रने सांगितलेलं संपलं. तो समोरून हाताने खूण करत होता, चालू दे, चालू दे, तुझं तू घाल काहीतरी. तिने घातलं.

"चहा बशीमा वतीसन कोन पिई रे, मना निंबा... डबाना झाकनले रबर कोन लाई रे, मना निंबा... चप्पल दारमा शे, पाय कथा गया रे, मना निंबा..."

चहा बशीत ओतून आता कोण पिणार रे, माझ्या निंबा, अशा त्या ओळी अडखळल्या नाहीत. कोणी आधीच भरून ठेवल्यासारख्या येत गेल्या. सात वेळा निंबाचं नाव आलं आणि ती थांबली. भूपेंद्र शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि विचारलं, "झालं ना? जाऊ मी?"

ती फिल्म फार चालली. फिल्म कसली, ते रडणंच चाललं. लोकांनी तेवढंच कापून एकमेकांना पाठवलं. रिक्षावाले लावायचे. पोरं गल्लीत क्रिकेट खेळताना कोणी आउट झालं की 'पाय कथा गया रे', पाय कुठे गेले रे, म्हणून गळा काढायची. एका घरी म्हातारी गेली, तर बायका जमायच्या आधीच कोणीतरी स्पीकरवर ते लावून दिलं. धुरपदाबाई दारात पोचली तर आत ती स्वतःच रडत होती. ती गुपचूप कोपऱ्यात जाऊन बसली. त्या दिवशी तिला कोणी सुरू कर म्हटलं नाही.

वर्षश्राद्धाला महिना राहिला आणि पारोळ्याहून सरलाबाईचा फोन आला.

"वहिनी, मी ऐकलं ते," सरलाबाई म्हणाली. आवाज थरथरत होता, रागाने. "बशीतून चहा माझा भाऊ प्यायचा. डब्याला रबर माझा भाऊ लावायचा. उंबऱ्यात चप्पल माझ्या भावाची राहिली. आणि नाव कोणाचं घेतलंस, त्या निंब्याचं? जो जन्मलाच नाही त्याचं?"

धुरपदाबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी एक वर्ष रडले नाही, वहिनी. तू सुरू करशील म्हणून थांबले होते. आता श्राद्धाला येते. तेव्हा तरी तोंड उघड. पण काय म्हणशील आता? सगळं तर त्याला देऊन बसलीस."

फोन बंद झाला. धुरपदाबाई तिथेच ओट्यावर बसली. तिला खरंच कळलं नव्हतं. ओळी आल्या आणि तिने म्हटल्या, एवढंच तिला ठाऊक. आता मात्र कळलं, आणि कळूनसुद्धा आत काही हललं नाही, पण एक गोष्ट तिला स्पष्ट दिसली. तिच्याकडे शालिग्रामचं म्हणून जे काही होतं ते गेलं होतं. श्राद्धाला तिने बशीचा चहा म्हटला, तर बायकांना निंबाच आठवणार, आणि दारातली पोरं हसणार. आपल्या माणसासाठी आपल्याकडे एक ओळ उरली नाही. हे काही बरं नाही, असं तिच्या मनात आलं. येणाऱ्या रजेच्या दिवशी ती न बोलावता डिंडोलीला गेली.

"त्यातलं निंबाचं नाव काढ," ती भूपेंद्रला म्हणाली, "आणि त्या जागी ह्यांचं घाल."

भूपेंद्रला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा कीबोर्डवर बोट घासत तो म्हणाला, फिल्म तर सगळीकडे गेली, मोठीमाय, ती आता परत येणार नाही. पण माझ्याकडे मूळ आहे. त्यातून तुझ्यापुरतं एक करून देतो. सात जागा आहेत. तिथे फक्त नाव रेकॉर्ड करायचं, मी बसवतो.

"तू म्हण नाव. तुझ्या आवाजात."

"बाईच्या रडण्यात माझा आवाज कसा चालेल? तुलाच म्हणावं लागेल. नाहीतर मना धनी म्हण. ते बसेल."

"धनी कोणाचाही असतो," ती म्हणाली.

आता इथे खरी अडचण होती, आणि ती भूपेंद्रच्या ध्यानात हळूहळू आली. धुरपदाबाईने नवऱ्याचं नाव कधी घेतलंच नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रेशन कार्डाच्या कामाला जाताना ती सुषमाला, लेकीला, बरोबर न्यायची, नाव सांगायला. तुळशीच्या लग्नात शाळिग्राम लागतो, तर त्या दगडालासुद्धा ती काळा देव म्हणायची. एकोणचाळीस वर्षं त्याला हाक म्हणजे 'अहो', नाहीतर 'सुषमाचे बापू'. नवऱ्याचं नाव घेऊ नये, असं आईने सांगितलं होतं आणि तिने ते पाळलं होतं. त्याला कारण लागत नव्हतं.

भूपेंद्रने हेडफोन चढवला. या वेळी दोन्ही कान, कारण या वेळी तिला ते जुनं रडणं नीट ऐकायचं होतं. त्याने निंबाचं नाव सातही जागी कापून ठेवलं होतं. त्याने सुरू केलं.

तिच्या कानात एक बाई रडत आली. किती छान रडत होती! चहा बशीमा वतीसन कोन पिई रे, मना... आणि तिथे काहीच नाही. एवढीशी मोकळी जागा, आणि पुन्हा ती बाई पुढच्या ओळीला लागली. धुरपदाबाईने तोंड उघडलं होतं, पण तोंडातून काही आलं नाही. भूपेंद्रने पुन्हा मागे नेलं. बाई पुन्हा रडत आली, नावापाशी थांबली, वाट बघितली आणि पुढे गेली. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा धुरपदाबाईच्या कपाळाला घाम आला.

"मोठीमाय, राहू दे का?"

"तू बाहेर जा."

"बटण कोण दाबेल?"

"दाबून जा."

त्याने ट्रॅक पहिल्यापासून लावला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि दार ओढून ओट्यावर जाऊन बसला. खोलीत ती, गोधड्या आणि कानात ती रडणारी बाई. तीन मुलं झाली, शेवभाजी झाली. चहा आला. बाई थांबली.

"शालिग्राम," धुरपदाबाई म्हणाली.

चाल नाही, हेल नाही. दवाखान्याच्या खिडकीत नाव सांगावं तसं. आणि हेडफोनमधून ते इतकं जवळून तिच्याच कानात आलं, की कोणीतरी दुसऱ्याच बाईने आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं, असं वाटून ती चपापली. बाई पुढे गेली. डबा आला. शालिग्राम. चप्पल आली. शालिग्राम. चौथं, पाचवं, सहावं. सातवं म्हटलं आणि ट्रॅक संपला. रडणं थांबलं. कानात नुसती खोली राहिली आणि तिचा स्वतःचा श्वास.

तिने हेडफोन काढला नाही. कुठे बसवायचं नव्हतं, तरी तिने आणखी एकदा म्हटलं, "शालिग्राम." मग थोडं थांबून, "तू गेलास आणि मला काही होत नाही रे. मी बघते रोज, होतं का. नाही होत."

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला तू म्हणाली होती. तेही तिच्या लक्षात आलं नाही.

भूपेंद्र आत आला, स्वतःच्या कानाला दुसरा हेडफोन लावून त्याने सगळं तपासलं. सात नावं बरोबर पडली होती. शेवटपर्यंत ऐकत गेला आणि मग त्याने मान खाली घातली. "शेवटचं कापून टाकतो, मोठीमाय," तो हळूच म्हणाला.

"ते ठेव. रडणं काप."

"मग राहील काय त्यात?"

"राहील ते राहील," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

श्राद्धाच्या दिवशी सरलाबाई सकाळच्या बसने आली. पानं वाढून झाली, घास ठेवून झाला, पुरुष माणसं जेवून बाहेर गेली. मग बायका आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या. सगळ्यांचे डोळे धुरपदाबाईवर. दारातल्या पोरींच्या हातात मोबाइल होते. सरलाबाई अगदी समोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

"वहिनी," ती म्हणाली, "वर्ष झालं."

"शालिग्राम गेला, सरला," धुरपदाबाई म्हणाली. "मला रडू येत नाही. मी करून बघितलं."

नवऱ्याचं नाव, तेही नुसतं, तेही चारचौघींत! एकीने तोंडाला पदर लावला. सरलाबाईचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग ते वाकडं झालं आणि वर्षभर अडवून धरलेलं सगळं तिच्या घशातून बाहेर आलं. "मना भाऊ रे..." तिने हंबरडा फोडला आणि ती वहिनीच्या गळ्यात पडली. पण तिला पुढचं येईना. ती धुरपदाबाईसारखी नव्हती. मना भाऊ, मना भाऊ, एवढंच म्हणत ती अडकून बसली.

धुरपदाबाईने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. खांदा भिजत गेला. तिचे स्वतःचे डोळे कोरडेच होते, आत काही हललं नव्हतं. पण तिचं तोंड सरलाबाईच्या कानाशी होतं, आणि ती तिला हळू आवाजात पुढचं सांगायला लागली, जे कोणालाच दिलं नव्हतं ते. "रविवारी दाढी करायचा ते म्हण. आधी आरसा पुसायचा, ते म्हण. पोरगी सासरी गेली त्या दिवशी दोनदा जेवला आणि आपण जेवलो हेच विसरला, ते म्हण, सरला. ते म्हण."